पाच मीटर कमी

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी राघिबनं माझ्यापुढे कागद ठेवला आणि मी त्याच्या कॉफीत साखर घातली.

आमच्याकडे दुखवट्याच्या घरी कॉफी कडूच असते. तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच द्यायची, सोबत खजूर. गोड कॉफी साखरपुड्याला. पुरुषमंडळी बाहेर अंगणात बसली होती आणि हा माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर कागद पसरत होता. मी कप पुढे केला. त्यानं घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"हे काय?"

"तुझ्याकडे आनंदाची बातमी आहे ना," मी म्हटलं. "म्हटलं तोंड गोड करावं."

"वफीका, बाप मेलाय आपला. लाज बाळग."

"तीच तर म्हणते. बाप मेलाय, आणि तू पेन घेऊन आलायस."

कागदात काय आहे ते मला वाचायची गरज नव्हती. आमच्या गावात, दैर तीनात, बाप गेला की बहिणी सही करतात. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावांना देत आहे, असं लिहिलेलं असतं. त्या बदल्यात एखादी बांगडी मिळते, ड्रेसचं कापड मिळतं, आणि ईदला भाऊ दारात येतो. धर्मानं बहिणीला भावाच्या निम्मं दिलंय, पण ते मागणारी बहीण गावात वाईट ठरते. खुद्द बाबांनी त्यांच्या बहिणीचा, झहरा आत्याचा वाटा एका कोटाच्या कापडावर घेतला होता. दरवर्षी ऑलिव्ह झोडताना ते ही गोष्ट सांगून हसायचे. आत्या त्यानंतर तीस वर्षं आमच्याकडे यायची, बसायची, पण पाण्याचा घोट घ्यायची नाही. ते बाबा सांगत नसत.

आम्ही चौघं. मी थोरली, चोपन्न वर्षांची, लग्न न झालेली. आमच्याकडे अशा बाईला तोंडावर पडीक म्हणतात. माझ्या पाठची इन्साफ, शेजारच्या गावात दिलेली. मग राघिब, आणि शेवटचा जवदत. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बाबांचं सगळं मीच केलं. त्यांचं खाणं, गोळ्या, शेवटच्या दोन वर्षांत अंगाखालच्या चादरी. सुना वरच्या मजल्यावर होत्या. त्यांना वास यायचा.

आता जमीन किती, ते ऐका. आजोबांची साठ दुनुम, म्हणजे पंधरा एकर होती, सगळी खालच्या सपाटीला. एकोणपन्नास साली लढाई थांबली आणि सरहद्दीची रेघ मारली गेली. घर रेघेच्या या बाजूला राहिलं आणि जमीन त्या बाजूला. बाबा तेव्हा शाळकरी पोर होते. ते म्हणायचे, सकाळी आम्ही शेतात गेलो आणि आमच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कळलं की ते आमचं शेत नाही. मग त्यांनी टेकडीवर लावली झाडं. पंचाऐंशी साली टेकडी पडीक ठरवून जप्त झाली आणि वर पलीकडच्या लोकांची वसाहत आली. टेकडीच्या पायथ्याशी थोडं उरलं होतं, त्यातून दोन हजार तीन साली सैन्याचं कुंपण गेलं. साबणाची वडी झिजते तशी ती जमीन झिजली. शेवटी कुंपणापलीकडे, वसाहतीच्या बरोबर खाली, सातशे ऐंशी चौरस मीटरचा एक तुकडा राहिला. त्यात ऑलिव्हची अकरा झाडं.

त्यातल्या एका झाडाला आम्ही म्हातारी म्हणतो; ती आजोबांच्याही आधीपासून तिथं उभी आहे. सहा माणसांनी हात धरले तरी तिला कवेत घेता येत नाही. तिचं खोड आतून पोकळ आहे. लहानपणी मी त्यात बसून भाकरी खायची. बाबांनी एकदा, जवदतच्या देखत, सांगितलं होतं, "म्हातारी वफीकाची." कागदावर नव्हे, तोंडी. पण सांगितलं होतं.

त्या तुकड्यात जायचं तर परवाना लागतो. बाबा मालक, म्हणून त्यांना दोन वर्षांचा परवाना. मुलांना मदतनीस म्हणून, तोही बाबांच्या परवान्याला बांधलेला. मुलांच्या परवान्याची मुदत संपली की मालकानं स्वतः सैन्याच्या कचेरीत हजर राहायचं. गेल्या खेपेला राघिब आणि जवदत बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडून उचलून घेऊन गेले होते. पाच तास उन्हात. बाबांनी खुर्चीतच लघवी केली, आणि खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा."

मला कधी परवाना मिळाला नाही. एका मालकाला दोनच मदतनीस, आणि दोन मुलगे घरात असताना मुलीचं नाव कोण घालणार? सोळा वर्षं मी म्हातारीला गच्चीवरून बघत होते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात राघिबनं मला हिशोब समजावला. हिशोब त्यांच्या कचेरीचा होता. ज्याचा वाटा तीनशे तीस मीटरपेक्षा कमी, त्याला शेती करायची गरज नाही, असं ते धरतात. गरज नाही म्हणजे परवाना नाही.

"धर्माप्रमाणे वाटे केले तर आम्हा दोघांना दोनशे साठ, दोनशे साठ," तो म्हणाला. "तुम्हा दोघींना एकशे तीस, एकशे तीस. म्हणजे चौघांनाही भोपळा. कुंपणापलीकडे आपलं कुणीच जाणार नाही. तुम्ही दोघींनी सोडलं तर आम्हाला तीनशे नव्वद, तीनशे नव्वद. दोन परवाने. झाडं वाचतात. हे मी म्हणत नाहीये, त्यांचा कायदा म्हणतोय."

"म्हणजे या वेळी मला लुबाडायला तुला सैन्याची मदत झाली."

"तोंड सांभाळ!"

"इन्साफनं केली सही?"

"केली. आनंदानं."

"कशावर?"

"बांगडीवर."

"बरीच स्वस्त झाली इन्साफ. बाबांनी आत्याला निदान कोटाचं कापड दिलं, त्यात दोन बाह्या तरी असतात."

अंगणातून जवदतनं हाक मारली, मशिदीचे शेख आलेत म्हणून. राघिब कागद तिथंच ठेवून गेला. मी तो घडी करून पिठाच्या डब्यात टाकला.

एक गोष्ट मात्र दोघा भावांनी हुशारीनं केली. बाबा गेले हे गावाला माहीत होतं, मशिदीला माहीत होतं, कबर खोदणाऱ्याला माहीत होतं. पण त्यांच्या मृत्यूची नोंद भावांनी केली नाही. नोंद केली की ती पलीकडच्या संगणकात जाते, आणि त्याच मिनिटाला बाबांचा परवाना रद्द, सोबत दोघांचेही. त्यांचे परवाने फेब्रुवारीअखेरपर्यंत होते. तोवर वफीका सही करेल, मग नोंद करू, वाटे करू, नवे परवाने काढू, असा बेत होता. म्हणून कागदोपत्री बाबा जिवंत राहिले. वय ब्याऐंशी, परवाना पुढच्या डिसेंबरपर्यंत चालू.

मी महिनाभर विचार केला. मी वेडी नाही. झाडांना हात लागला नाही तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. वसंतात नांगरट करून गवत काढलं नाही तर जूनमध्ये ते कंबरेएवढं वाळतं आणि एक काडी पुरते. हे मी सगळं धरूनच बसले होते. पेन्सिल घेतली, कागद घेतला, आणि एका शुक्रवारी नमाजानंतर दोघांना खाली बोलावलं.

"इन्साफनं सोडलंय," मी म्हटलं. "तिचे एकशे तीस तुम्हा दोघांत निम्मे निम्मे. पासष्ट, पासष्ट. तुमचे दोनशे साठ. झाले तीनशे पंचवीस. बरोबर?"

"बरोबर," जवदत म्हणाला. तो फरशीकाम करतो, मीटरात त्याचं डोकं चालतं. त्याच वसाहतीत, आमच्या टेकडीवर, तो लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवतो. त्यासाठी त्याला रोज सकाळी परवाना मिळतो, पहारेकऱ्यासकट.

"तीनशे तीसला किती कमी?"

"पाच मीटर."

"पाच मीटर म्हणजे ही सतरंजी," मी म्हटलं. आम्ही बसलो होतो ती सतरंजी मी हातानं थोपटली. "एक तुला, एक तुला. मी दहा मीटर देते. वीस देते. हवे तर तीस घ्या. तुम्हाला दोघांना परवाने मिळतील. माझे शंभर मीटर माझ्या नावावर राहू द्या. मला परवाना नको, तेल नको. मी तिथं जाणारही नाही. फक्त कागदावर माझं नाव, आणि म्हातारी माझ्या शंभरात."

जवदतनं राघिबकडे पाहिलं. "दादा, बसतंय की. खरंच बसतंय."

राघिबचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. महिनाभर तो कायदा कायदा म्हणत होता, आणि आता तोच कायदा माझ्या बाजूनं येऊन बसला होता.

"नाही," तो म्हणाला.

"का नाही?"

"तुझं ठेवलं की उद्या इन्साफचा नवरा येईल. म्हणेल, थोरलीला ठेवलंत, मग माझ्या बायकोचं का घेतलंत?"

"मग द्या तिलाही पाच-दहा."

"आणि गावात काय सांगू? राघिबच्या जमिनीत बहिणीचं झाड आहे म्हणून? आपल्या घराण्यात कधी झालंय असं?"

"साठ दुनुम गेली तेव्हा घराण्याला लाज वाटली नाही, आणि एका झाडावर माझं नाव आलं की वाटते?"

"ती त्यांनी बंदुकीनं घेतली! तू कशानं घेतेयस?"

"माझ्या बापाच्या मुलीच्या नात्यानं घेतेय."

तो उठला. दारात वळून म्हणाला, "तू आमच्या जमिनीसारखीच आहेस, वफीका. पडीक. फरक एवढाच की तुला कोणी जप्तही केलं नाही."

जवदत खाली मान घालून बसला. त्याला माझी कीव आली असावी, पण कीव येणं आणि बोलणं यांत त्याची नेहमी गफलत होते. तोही उठून गेला.

त्यानंतर त्यांनी मला सरळ करायचं ठरवलं. वरच्या टाकीतून माझ्या खोलीला येणारं पाणी बंद झालं. वहिनी म्हणाली, व्हॉल्व्ह खराब झालाय. त्या वर्षीच्या तेलाचा एक थेंब मला मिळाला नाही. ऑलिव्हवाल्यांच्या घरातली बाई दुकानात जाऊन बाटलीतलं तेल विकत आणते, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही. दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळून दिली, कुणाला दिसू नये म्हणून. इन्साफ येऊन रडून गेली. हातात ती बांगडी होती. "तुझ्यामुळे माझा नवरा मला टोमणे मारतो," म्हणाली. "म्हणतो, तुझी बहीण बघ कशी अडून बसली, आणि तू मेंढरासारखी सही केलीस."

"मग खरंच बोलतो की तो," मी म्हटलं.

शेख आले. सबुरीवर बोलले. मी विचारलं, "शेखसाहेब, कुराणात माझा वाटा लिहिलाय की नाही?" ते म्हणाले, लिहिलाय. "मग त्याला सांगा ना." ते म्हणाले, "वेळ वाईट आहे, पोरी, पुरुषांना एकजूट ठेवू दे." त्यांनी कॉफी घेतली आणि गेले. राघिबकडे गेलेच नाहीत.

मला सही करता आली असती. हे मी झाकत नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जवदत एकटा खाली आला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला.

"अगं, शुक्रवारी परवाने संपतायत. मग नवे निघेपर्यंत आत पाऊल टाकता येणार नाही. तू सही कर, मी तुला शब्द देतो, म्हातारीचं सगळं तेल तुझं. डबा मी स्वतः आणून देईन."

"तुझ्या दादाला सांग, दहा मीटर घे म्हणावं."

"तो ऐकत नाही."

"मग मीही ऐकत नाही."

"झाडं मरतील, वफीका."

"मरू देत," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं म्हटलं. तेव्हा मला बरं वाटलं, इतकं बरं की त्या रात्री मला शांत झोप लागली. राघिबच्या हातची भाकरी काढून घेण्याचं सुख काय असतं ते मला चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे कधी कुणाचं काही अडलं नव्हतं. आता अडलं होतं.

शुक्रवारी परवाने संपले. मार्चमध्ये पाऊस चांगला झाला. एप्रिलमध्ये गच्चीवरून मला अकराही बुंधे दिसेनासे झाले, कारण गवत वर आलं होतं. मे महिन्यात ते पिवळं पडलं. राघिबही त्याच्या गच्चीवर उभा राहून तेच बघायचा. आमच्या दोन गच्च्यांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. तो बोलायचा नाही, मी बोलायची नाही. दोघांनाही माहीत होतं की एक शब्द बोलला तर पुरे. तो शब्द आधी कुणी बोलायचा, एवढंच राहिलं होतं.

आग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागली, दुपारी दीडला. कुणी म्हणतं वसाहतीतल्या पोरांनी लावली, कुणी म्हणतं गस्तीच्या जीपमधून सिगारेट पडली, कुणी म्हणतं विजेची तार. मला माहीत नाही. मी पाहिला तो धूर.

मी चपला न घालता धावले. राघिब माझ्या पुढे होता, दोन्ही हातांत पाण्याचे डबे. गावातली आणखी दहा-बारा माणसं, फावडी, ओली पोती. कुंपणाचं गेट दिवसातून तीनदा उघडतं. सकाळी, बाराला आणि चारला. आता दोन वाजायला आले होते. गेटवर एक सैनिक होता, विशीतला, चष्मेवाला. वाईट नव्हता तो. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी वाईट माणूस समोर असता तर बरं झालं असतं.

"उघड!" राघिब ओरडला. "आमची झाडं आहेत!"

"थांबा, थांबा. कुणाची जमीन?" त्याला अरबी बऱ्यापैकी येत होतं. त्यानं हातातल्या संगणकाच्या पाटीवर बोटं फिरवली. "परवाना कुणाकडे आहे?"

राघिबनं आपलं ओळखपत्र दिलं. सैनिकानं पाहिलं. "तुमचा फेब्रुवारीत संपलाय."

"आग लागलीय, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. मी वर विचारलंय. आग आहे म्हणून वेळेआधी उघडायला परवानगी दिलीय त्यांनी. पण मालकासाठीच." तो खरंच घाईत पाटी बघत होता, आमच्यासाठी. "हे बघा. या तुकड्याचा मालक आहे मिस्बाह. परवाना डिसेंबरपर्यंत चालू आहे. त्याला बोलवा. तो आला की मी उघडतो, तुम्ही त्याच्यासोबत मदतीला जा. तो कुठाय?"

माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसानं बाबांच्या जनाज्याला खांदा दिला होता.

"तो म्हातारा आहे," राघिब म्हणाला. "चालवत नाही त्याला."

मेलेल्या बापाला त्यानं अजून जिवंत ठेवलं होतं. सात महिन्यांची सवय.

"उचलून आणा," सैनिक म्हणाला. "खुर्चीत आणा. मी थांबतो."

तेवढ्यात राघिबचा फोन वाजला. जवदत होता. वसाहतीत, वरच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर फरशी बसवत होता. राघिबनं फोन स्पीकरवर लावला.

"दादा, मला दिसतंय सगळं. मी गॅलरीत उभाय. बरोबर खाली आहे."

"मग उतर ना! जा ना तिथं!"

"पहारेकरी सोडत नाहीये. पाऊल बाहेर टाकलं तर कायमचा बंद म्हणतोय. त्यांचा बंब आलाय, त्यांच्या तारेवर पाणी मारतायत. फक्त तारेवर." तो रडत होता. "खालची चार गेली, दादा. पाचवं पेटलं. म्हातारी आहे अजून. म्हातारी उभी आहे."

गेटच्या सळ्या तापल्या होत्या. मी त्या धरल्या. "पोरा," मी सैनिकाला म्हटलं, "मिस्बाह मेलाय."

राघिबनं माझ्याकडे पाहिलं.

"नोव्हेंबरमध्ये मेलाय. हा त्याचा मुलगा आहे, मी मुलगी. जमीन आमची आहे. उघड."

सैनिकाचा चेहरा पडला. "अल्ला त्याला शांती देवो, हज्जा," तो म्हणाला, थोरल्या बाईला म्हणतात तसं, मनापासून. मग त्यानं पाटीवर दोनदा बोट टेकवलं. मला वाटलं उघडतोय. "मग हा परवाना रद्द होतो," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या नावावर मला उघडता येत नाही. वारसांचा कागद आहे का? वाटे झालेत?"

"नाही झाले," मी म्हटलं.

"मग चारला या. चारला परवानेवाल्यांसाठी उघडतं, तेव्हा मी पुन्हा विचारून बघेन."

मी राघिबकडे वळले. "कागद आण," मी म्हटलं. "पिठाच्या डब्यात आहे. पळत जा. मी सही करते. सगळे देते. एकशे तीसच्या एकशे तीस."

त्याच्या पायाशी पाण्याचे दोन डबे भरलेले उभे होते. फोन अजून चालू होता.

"म्हातारी पेटली," जवदत म्हणाला. "आतून पेटलीय, दादा. चुलीसारखी. वरून धूर येतोय."

"राघिब, ऐकतोयस का? सही करते म्हटलं मी!"

"नको," तो म्हणाला. आवाज इतका साधा होता की मी घाबरले. महिनोन्‌महिने तो माझ्याशी असा बोलला नव्हता. "राहू दे आता. तुझा वाटा तू ठेव."

चारला गेट उघडलं, अगदी वेळेवर. आमच्यातलं कुणी आत गेलं नाही. आत काही नव्हतं.

जुलैमध्ये राघिबनं स्वतः जाऊन बाबांच्या मृत्यूची नोंद केली, शरिया कोर्टात वारसांचा कागद केला. इन्साफची सही त्यानं फाडून टाकली. तिचाही वाटा तिला परत. कुणी अडलं नाही, कुणी भांडलं नाही. गावात म्हणाले, बघा, आपल्या बहिणींना धर्माप्रमाणे पूर्ण वाटा देणारा माणूस. शेखांनी शुक्रवारी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं.

कागद द्यायला तो खाली आला. मी कॉफी केली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला. त्यानं नको म्हणून मान हलवली. दोघांनी कडूच घेतली, त्याच सतरंजीवर बसून. आता आम्ही रोज बोलतो. पाणी येतं. तो मला भाकरी पाठवतो. भावानं भावासारखं वागायला हवं तसा वागतो, आणि मला ते सोसत नाही.

वारसांचा तो कागदही पिठाच्या डब्यातच ठेवलाय मी. वफीका मिस्बाह, एकशे तीस चौरस मीटर. पूर्ण आहे, एक मीटरही कमी नाही. मी त्यावर परवाना मागायला गेले होते, राख तरी पाहून यावी म्हणून. खिडकीतल्या पोरीनं कागद नीट वाचला, परत दिला, आणि म्हणाली की एवढ्याशा जमिनीवर शेती करायची मला गरज नाही.